यारीचा दांडा

विहिरीच्या काठावर बादली चढवायला-उतरवायला यारी असते, तिच्यावर बसलेल्या माणसाने उठायचं नसतं. खाली विहिरीत माणूस असला की वरच्याने दांडा सोडायचा नाही, मग ऊन तापो, साप निघो नाहीतर घरून वाईट निरोप येवो. विहिरी खोदणारी माणसं सगळ्या गोष्टींची थट्टा करतात, मालकाची, एकमेकांच्या सासऱ्यांची, स्वतःच्या मोडलेल्या बोटांची. पण या नियमाची थट्टा त्यांच्यात कोणी केलेली ऐकिवात नाही. दुसरा एक नियम आहे, तोही तेवढाच जुना. विहिरीच्या आत लघवी करायची नाही. उद्या माणसं तेच पाणी पिणार. ज्याला लागली असेल त्याने बादलीत बसून वर यायचं, लांब जाऊन मोकळं व्हायचं आणि परत खाली उतरायचं.

थोरल्याने हे दोन्ही नियम पंचवीस वर्षं पाळले होते. पहिली दहा वर्षं तो खाली आणि बाप वर. बाप गेल्यावर तो वर बसला आणि धाकटा भाऊ खाली उतरला. यारी बापाचीच होती. लोखंडी सांगाडा, त्यावर कप्पी, मागे डिझेलचं इंजिन, तारेचा दोर गुंडाळलेलं रीळ आणि त्या रिळाला थांबवणारा कमरेएवढा दांडा. दांडा दाबून धरला की बादली आहे तिथे थांबते, सोडला की सुटते. पूर्वी तो अडकवून ठेवायला एक कडी होती. ती तुटली तेव्हा धाकटा म्हणाला की जोडून आणू. बाप म्हणाला, "राहू दे. कडी असली की माणूस उठतो."

आता थोरला त्रेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला दर वीस मिनिटांनी उठावंसं वाटत होतं.

दोन वर्षं झाली होती या दुखण्याला. आधी नुसती जळजळ होती, उन्हाळ्याची असेल म्हणून त्याने सोडून दिली. मग बैठकीच्या मधोमध, आत कुठेतरी, एक ठणका बसला तो बसलाच. खुर्चीवर गोटी ठेवून तिच्यावर बसावं तसं वाटायचं, आणि उठलं तरी गोटी आतच. लघवीची घाई अशी यायची की डोळ्यांसमोर अंधारी यावी, आणि धावत जाऊन उभं राहावं तर चार थेंब. ते चारही थेंब मिरची चोळल्यासारखे. तिथून वळेपर्यंत पुन्हा तीच भावना, की आत अजून भरलेलंच आहे. कधी ठणका मांडीत उतरायचा, कधी कमरेत चढायचा. कधी आठ दिवस बरं वाटायचं, आणि आता गेलं म्हणून तो जरा हसायला लागला की नवव्या दिवशी हजर.

त्या साली पावसाला महिना राहिला होता आणि आसपासच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता. एका बागवाल्या मालकाने त्याची साठ फुटांची विहीर आणखी पंधरा फूट खाली न्यायला या दोघा भावांना लावलं होतं. पाऊस पडायच्या आत काम उरकायला हवं होतं, नाहीतर विहीर भरली की पुढच्या वर्षापर्यंत हात बांधून बसणं. म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत इंजिन चालायचं. खाली धाकटा आणि दोन पहारवाले, वर थोरला. इंजिन सुरू झालं की सगळा सांगाडा थरथरायचा, आणि ती थरथर लोखंडी बैठकीतून नेमकी त्या गोटीपर्यंत पोचायची.

बायकोने त्याला स्कूटरची जुनी ट्यूब फडक्यात शिवून दिली होती, मधे भोक असलेली, बसायला. पहारवाल्यांपैकी बुटक्याने ती पहिल्या दिवशी पाहिली आणि विचारलं, पोहायला कधी उतरायचं. बुटक्याचं तोंड असंच होतं. थोरला झुडपांकडे निघाला की तो म्हणायचा, "साहेबांचा दौरा निघाला." पुढे नुसतं "दौरा" म्हटलं तरी दुसरा पहारवाला गालात हसायचा. थोरलाही हसायचा. हसण्यावारी नेलं की कोणी खोलात शिरत नाही, हे त्याला कळलं होतं. दौऱ्यावर जाणारा माणूस हा थट्टेचा विषय असतो, आजारी माणूस चौकशीचा. आणि चौकशी त्याला नको होती.

डॉक्टर तीन झाले. पहिल्याने गोळ्या दिल्या, दुसऱ्याने त्याच गोळ्या वेगळ्या रंगाच्या. शहरातल्या तिसऱ्याने लघवी तपासली, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आणि हातमोजा घालून त्याला टेबलावर कुशीवर वळायला सांगितलं. पंचवीस वर्षं विहिरींवर काढलेल्या माणसाला त्या दोन मिनिटांत रडू आलं. दुखलं म्हणून की लाज वाटली म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टर म्हणाला की प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते पुरुषाला, तिला सूज आहे, जुनाट झाली आहे. कॅन्सर नाही, जंतूही सापडत नाहीत. थोरल्याने विचारलं की मग बरं कधी होणार. डॉक्टरने कागदावर लिहिता लिहिता सांगितलं, "कमी-जास्त होत राहील. सवय करून घ्यावी लागेल." आणि मग सूचना दिल्या: पाणी भरपूर प्या, तिखट बंद, लघवी अडवून धरायची नाही, हादरे बसतील असं बसायचं नाही. आणि विचारलं, "काम काय करता?"

थोरल्याने सांगितलं, बसून असतो.

पाणी भरपूर प्यायचं राहिलंच, त्याने पाणी सोडलं. आदल्या संध्याकाळपासून एक घोट नाही. सकाळी चहा नाही. पोटात पाणीच नसेल तर येईल कुठून, असा त्याचा साधा हिशेब. पण आटलेली लघवी आणखी जाळायची, आणि घाईला पाण्याची गरजच नव्हती, ती कोरडीही यायची. दुपारपर्यंत त्याची जीभ टाळूला चिकटायची. समोर माठ असायचा, पहारवाले वर आले की ढसाढसा प्यायचे, हनुवटीवरून छातीवर सांडायचे, आणि तो दुसरीकडे बघत बसायचा. पाण्यासाठी विहीर खोदायची आणि स्वतः तहानलेलं राहायचं, याची त्याला एखाद्या वेळी गंमत वाटायची. रोज नाही वाटायची.

तरीही निभत नव्हतं. दगड भरलेल्या बादलीबरोबर एक पहारवाला वर येऊन ती रिकामी करी, तेवढ्यात एखादी फेरी मारता येई. पण खाली पहारी चालू असताना तास तास बादली वर येत नसे. विहिरीच्या तळाला जागा कमी, म्हणून रिकामी बादली खाली टेकवत नाहीत. माणसांच्या डोक्याच्या वर पुरुषभर उंचीवर लटकत ठेवतात आणि वरचा माणूस दांडा दाबून बसतो. बादली लोखंडाची, दोन माणसांच्या वजनाची. तेवढा तास म्हणजे थोरल्याला सजा होती. तो ओठ चावायचा, शंभरपर्यंत आकडे मोजायचा, टाचेने सांगाड्यावर ताल धरायचा. एकदा चड्डीत थोडं झालंच. त्या दिवशी त्याने इंजिनावरचं तेल मुद्दाम पँटवर सांडून घेतलं आणि बुटक्याने त्यावरही थट्टा केली.

दुसऱ्या दिवशी त्याने कमरेचा जुना चामडी पट्टा बरोबर आणला.

दांडा खाली दाबायचा, पट्टा त्याच्यावरून घेऊन सांगाड्याच्या पट्टीखालून काढायचा, बक्कल आवळायचं. पहिल्यांदा बांधून त्याने हात हळूच काढला आणि तो दोराकडे बघत राहिला. दोर हलला नाही. तो तीस पावलांवरच्या झुडपापर्यंत धावत गेला आणि तिथे उभा असताना सबंध वेळ मान वळवून कप्पीकडे बघत राहिला, त्यामुळे जे चार थेंब यायचे तेही आले नाहीत. परत आला. खाली पहारींचा आवाज चालूच होता. मग रोज चार वेळा, पाच वेळा. दहा दिवसांत हाताला इतकी सवय झाली की घाई आली की बोटं आपोआप पट्ट्याकडे जायची. बादली भावाच्या डोक्यावर पट्ट्याला लटकते आहे, हे तो मनात येऊ द्यायचा नाही. आलं तर तो आणखी जोराने बक्कल आवळायचा.

बायकोला पट्ट्याची गोष्ट कळली ती पँट सैल राहायला लागली म्हणून. एका संध्याकाळी तो घराच्या मागे भिंतीला हात टेकून उभा होता आणि ती वाळलेले कपडे काढत होती. तिने विचारलं, पट्टा कुठे हरवला. त्याच्याने खोटं बोलवेना. तो पाठमोराच होता, थेंब येत नव्हता, आणि भिंतीकडे बघूनच त्याने सगळं सांगून टाकलं.

ती एकेक कपडा काढून खांद्यावर टाकत राहिली. दोन वर्षांत त्यांच्यातलं पुष्कळ काही गप्प झालं होतं. जवळ गेलं की नंतर दोन दिवस तो ठणक्याने वाकायचा, म्हणून दोघांनी आपापल्या कडेला झोपायची सवय लावून घेतली होती, आणि त्याबद्दलही कधी बोलणं झालं नव्हतं.

"भाऊजींना सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? मला मुतायला लागतं म्हणून?"

"हो, तेच सांगा. त्यात काय आहे?"

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी यारी गेली. मग मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

"ते खाली असतात," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली. त्याने ठरवलं, हा खडक फुटला की सांगायचं. या विहिरीचं काम होऊ दे, मग सांगायचं. दुखण्याला जशी तारीख मिळत नव्हती तशी सांगण्यालाही मिळेना.

सत्तर फुटांवर काळा पाषाण लागला. पहार लावली की ठिणगी उडायची, बाकी काही होत नसे. सुरुंग लावणं भाग होतं. धाकट्याने दोन दिवस खपून नऊ भोकं पाडली, दारू ठासली, वाती सोडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पहारवाले वर आले, सामान वर आलं, मालक आणि पहारवाले लांब ट्रॅक्टरच्या आडोशाला गेले. वाती पेटवायला धाकटा एकटा खाली राहिला. हे काम तो नेहमीच स्वतः करायचा. नऊ वाती पेटवायच्या, बादलीत बसायचं, दोरी खेचून वर बांधलेला खड्यांचा डबा तीन वेळा वाजवायचा. वर थोरला बादली ओढणार. वाती चार मिनिटांच्या. वर यायला दीड मिनिट. गेली पंधरा वर्षं हे असंच झालं होतं, आणि धाकटा लोकांना सांगायचा की वात पेटवताना मी वर बघतही नाही, वर दादा आहे.

थोरला सकाळपासून तसा बरा होता. पण धाकट्याने काडी ओढल्याचा उजेड खाली दिसला आणि त्याच क्षणी घाई आली. आजवर आली नव्हती अशी. पोटात कोणी सुरी फिरवावी तशी ती खालून वर चढली. त्याने मांड्या आवळून थोडा वेळ काढला. नऊ वाती पेटवायला भाऊ अजून मिनिटभर तरी घेणार. तीस पावलं जायला, तीस यायला. बादली तळाला टेकलेली आहे, धरायचं असं काही नाहीच. त्याने एवढा विचार केला की नाही, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. तो उठला. दोन पावलं गेला असेल तोच डबा वाजला.

तीन वेळा.

तो मागे फिरला, बैठकीवर पडला आणि दांडा वर खेचला. दांडा हलला नाही. पट्टा बांधलेला होता. धरायची काही गरज नसताना, उठायच्या आधी, त्याच्या हातांनी रोजच्यासारखा पट्टा बांधला होता आणि रोजच्यापेक्षा जोरात आवळला होता.

त्याने बक्कल ओढलं. घामाने चामडं फुगलं होतं, बक्कलाची सळई भोकात रुतली होती. डबा पुन्हा वाजला, तीन. त्याने नख घातलं, नख मुळातून उलटलं. डबा वाजला. मग तीन वगैरे राहिलं नाही, डबा नुसता वाजतच राहिला, आणि खालून धाकट्याचा आवाज आला, "दादा!" मग पुन्हा, "दादा, ओढ!" तेव्हा त्याची लघवी सुटली. दोन वर्षं जी थेंबाथेंबाने छळत होती ती त्या वेळी धारेने सुटली, गरम, मांड्यांवरून, ट्यूबवरून, खाली सांगाड्यावर, आणि तो तसाच वाकून दातांनी पट्टा ओढत राहिला. सळई निसटली. त्याने दांडा सोडला, इंजिनाला जोर दिला आणि दोर गुंडाळायला लागला.

सत्तर फूट. त्याला एक एक फूट दिसत होता. बादली काठाला आली तसा धाकट्याने बाहेर उडी घेतली, थोरल्याचा दंड धरला आणि दोघे पळाले. दहा-बारा पावलं गेले नसतील, पहिला बार उडाला. दोघे आडवे पडले. दुसरा, तिसरा. डोक्याएवढा एक दगड त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन रुतला. थोरला जमिनीला तोंड लावून मोजत होता. नऊ झाले तेव्हा त्याने डोळे उघडले.

सगळे जमले. मालकाने कपाळाचा घाम पुसला. थोरल्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, तिला माती चिकटली होती, दातांतून रक्त येत होतं. बुटक्याने पँटकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो हसला असता तर बरं झालं असतं. कोणीच हसलं नाही, तेव्हा थोरल्याला कळलं की आता संपलं.

धाकटा उठून यारीकडे गेला. पट्टा तिथेच लोंबत होता. तो त्याने हातात घेतला, दांडा बघितला. दांड्याचा हिरवा रंग एका जागी बोटभर रुंदीत गेला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आजच," थोरला म्हणाला.

धाकट्याने त्या चकाकीवरून अंगठा फिरवला. "रंग एका दिवसात जात नाही, दादा."

थोरल्याने मग सांगितलं. फार वेळ लागला नाही; दोन वर्षांचं सगळं पाच-सहा वाक्यांत आटोपलं. धाकटा ऐकत असताना पट्टा हाताभोवती गुंडाळत होता, पुन्हा सोडत होता. मालक आणि पहारवाले बाजूला जाऊन उगाच दगड बघत होते.

"मला सांगायचं होतंस," धाकटा म्हणाला. "दर वीस मिनिटांनी काम थांबवलं असतं. कोणाच्या बापाची भीती होती?"

"थांबवलं असतंस?"

"थांबवलं असतं." मग त्याने पट्टा खिशात घातला. "आता नाही जमणार. आता मी खाली असलो की वरच बघत बसेन. उद्यापासून तू वर नको."

थोरल्याने मान हलवली. पट्टा त्याने परत मागितला नाही. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो घाईघाईने म्हणाला, "मग मी खाली उतरतो. तू वर बस. पहार मला येते अजून. तुझ्याहून चांगली येते."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. "खाली?" तो म्हणाला. "विहिरीत?"

त्याला पुढे काही म्हणावं लागलं नाही. थोरल्याच्या ध्यानात दुसरा नियम आला. काठावर वारा नव्हता, धूर अजून सरळ वर येत होता. दोघेही त्या धुराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला नेहमीच्या वेळी जाग आली. तो घराच्या मागे जाऊन भिंतीला हात टेकून उभा राहिला. लांबून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. इंजिन एकदा अडखळलं. हवा काढायला हवी होती, ते धाकट्याला माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला ते लागलं. दांड्यावर आज धाकट्याचा मेहुणा बसणार होता, सव्वीस वर्षांचा, धडधाकट. थोरला ऐकत राहिला. चार थेंब आले, जळत आले. पुन्हा घाई आली. इथे कितीही वेळ उभं राहिलं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तो पुढच्या दाराशी आला तर पायरीवर ट्यूब ठेवलेली होती. धाकटा पहाटेच येऊन ठेवून गेला असावा. तिचं फडकं धुतलेलं होतं, साबणाने, घासून. अजून ओलं होतं. थोरल्याने ती हातात घेतली आणि बराच वेळ तो पायरीवर उभाच राहिला, कारण बसायचं तर तिच्यावरच बसावं लागणार होतं.

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. रोज ती भरून ठेवायची आणि रोज तो तसाच ठेवून निघायचा. आज तिने तो त्याच्या हातात दिला. त्याने तांब्यात पाहिलं, मग तो तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्याला. पाणी गार होतं, गोड होतं. ती काही न विचारता आत गेली आणि दुसरा भरून घेऊन आली. आता कितीही प्यायला हरकत नव्हती. त्याने दुसराही घेतला.